सही जुळत नाही : पेनाने लिहिलेले तुमच्या घरात काय उरले आहे?

तलावपाळी
मागच्या मंगळवारी नौपाड्यातल्या आमच्या बँकेतून फोन आला की सोसायटीला मी दिलेला मेंटेनन्सचा चेक परत जातो आहे, कारण त्यावरची सही बँकेतल्या नमुना सहीशी जुळत नाही. तीस वर्षांचे खाते असल्यामुळे मी जरा तोऱ्यातच गेले आणि काउंटरवरच्या मुलीसमोर सही करून दाखवली. ती जुळली नाही. दुसरी केली, तीही जुळली नाही, आणि तिसरी तर आधीच्या दोघींशीही जुळेना. शेवटी त्या मुलीने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि १९९४ सालची माझी सही मलाच दाखवली. पहिल्या अक्षराचा मोठा फास, तिथून हात न उचलता खाली उतरून सगळ्या नावाखालून मागे गेलेली रेघ, आणि रेघेच्या शेवटी दोन ठिपके. ते ठिपके मी नेमके कधी द्यायचे सोडले, हे मला काही केल्या आठवेना.

ती सही वडिलांनी माझ्याकडून बसवून घेतली होती. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरायचा होता, तेव्हा चरईतल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत त्यांनी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पाने पाठकोऱ्या बाजूने पसरली आणि मला शंभर सह्या करायला बसवले. जिथे पेन मध्येच उचलले गेले असेल ती सही ते पेन्सिलीने बाद करत आणि मोजणी दहाने मागे नेत. ठिपके त्यांच्याच डोक्यातले होते. सहीपुढे कोणाला काही वाढवता येऊ नये म्हणून ती कडी लावून घेतलेली बरी, असे त्यांचे म्हणणे होते.

आता दूध, गॅस, वीज, सगळे फोनवरून होते आणि किराण्याची यादीसुद्धा मी फोनला तोंडी सांगते. वर्षाला चार चेक लिहायचे, एवढ्यावर हाताने काय म्हणून लक्षात ठेवावे? पूर्वीचे दिवस किती छान होते हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे ते कृपया बाजूला ठेवूया. तुमच्याकडे पेनाने लिहिलेले असे काय आहे की जे टाइप केलेले असते तर त्याचा तेवढा उपयोग झाला नसता, ते सांगा.

निळे_बोट
ताई, निम्मा दोष त्या काउंटरवरच्या पेनाचा असणार. दोरीने बांधलेले बॉलपेन, दोरी चार बोटे आखूड आणि काउंटर छातीपर्यंत उंच, अशा अवस्थेत कोणाचीही सही जुळणार नाही.

थट्टा सोडा, पण फरक खरा आहे. बॉलपेनाच्या टोकातली गोळी फिरल्याशिवाय तिच्यामागची घट्ट शाई उतरत नाही, त्यामुळे दाब द्यावा लागतो आणि दाब दिला की मनगट आवळते. शाईच्या पेनात निबेची चीर आणि तिच्याखालची जीभ यांच्या बारीक फटींतून शाई केशाकर्षणाने आपणहून खाली येत असते आणि निब कागदाला नुसती टेकली तरी पुरते. तुमच्या वर्णनातला फास आणि मागे वळणारी रेघ ही दाब न देता चालणाऱ्या निबेची वळणे आहेत. वडिलांनी सराव शाईच्या पेनाने करून घेतला होता ना? मग परीक्षाही त्याच पेनाने द्या.

तलावपाळी
होय, शाईच्याच पेनाने. ते पेन घरात आहे, पण दहा वर्षे तरी उघडलेले नाही.

डावखुरा
माझ्याकडे पेनाने लिहिलेले जे काही आहे, ते सगळे माझ्या डाव्या तळहाताच्या कडेवर उमटलेले होते आणि आईने ते रोज संध्याकाळी दगडाने घासून काढले. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते आणि डावखुऱ्याचा हात ओल्या शाईवरून तिच्या मागोमाग जातो, हे आमच्या वर्गात कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. बॉलपेन शोधणाऱ्या माणसाचे नाव मला कोणी सांगितले तर मी त्याची तसबीर लावीन.

निळे_बोट
लास्लो बिरो. हंगेरीतला पत्रकार होता. छापखान्यातली शाई लगेच वाळते आणि पेनातली मात्र फराटते, यावरून त्याला कल्पना सुचली, आणि १९३८ साली त्याने पेटंट घेतले. तसबिरीला हार बॉलपेनांचाच घाला.

जुना_कारकून
माझी छत्तीस वर्षे ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात टिपण्या लिहिण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. फाइलमधल्या टिपणीला एक नियम असे. चुकलेली ओळ खोडायची ती एकाच आडव्या रेघेने, अशी की खालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी छोटी सही करायची. पांढरा द्रव लावून चूक बुजवणे हा गुन्हाच समजला जाई. त्यामुळे फाइल वाचताना साहेबांनी काय ठरवले एवढेच कळत नसे, तर ठरवण्याआधी त्यांच्या मनात काय येऊन गेले तेही कळत असे. एका प्रकरणात हिरव्या शाईत "मंजूर" लिहून ते खोडलेले, त्याखाली "चर्चा करावी" लिहून तेही खोडलेले, आणि शेवटी पुन्हा "मंजूर" असे मी स्वतः पाहिले आहे. तो दुसरा "मंजूर" इतक्या जोराने लिहिलेला होता की मागच्या पानावर बोट फिरवले तरी लागत होता. पुढे अर्जदाराने तक्रार केली, तेव्हा विलंब का झाला याचे उत्तर त्या एका पानाने दिले.

आता ई-ऑफिसमध्ये कोणी, किती वाजता काय पाठवले ते मिनिटासकट दिसते, आणि ती सोय मोठी आहे हे मी मान्य करतो, कारण फाइल कपाटामागे पडून हरवणे हा प्रकार त्यामुळे थांबला. परंतु पाठवण्याचे बटण दाबण्यापूर्वी जे खोडले जाते ते कोणालाच दिसत नाही. प्रत्येकाची टिपणी पहिल्या झटक्यात सुचल्यासारखी दिसते.

जाता जाता, चेकवर मात्र आता तसे सही करून खोडणेही चालत नाही. प्रतिमा पाठवून वटवल्या जाणाऱ्या चेकवर तारखेखेरीज कुठलीही खाडाखोड डिसेंबर २०१० पासून बंद आहे. चूक झाली की नवा चेक.

कोपरखैरणे_१९
माझे वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका गाळ्यावर दिवाणजी होते. वर निळे_बोट यांनी शाईच्या पेनाची बाजू मांडली आहे, पण आमच्या घरी त्या पेनाला जागा नव्हती, आणि त्याचे कारण कार्बन पेपर. शेतकऱ्याला द्यायच्या पट्टीच्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या, तीन प्रती एका वेळी निघायच्या, एक त्याला, एक गाळ्याला, एक बाजार समितीच्या कामाला. तिसऱ्या प्रतीपर्यंत आकडा पोचायचा तर खाली पुठ्ठा घेऊन बॉलपेन रोवूनच लिहावे लागे. निब तिथे वाकून गेली असती. वडिलांच्या मधल्या बोटाच्या पेराला पेनामुळे घट्टा पडला होता आणि बोट त्या बाजूला कायमचे किंचित वाकले होते.

पट्टीवर वक्कल म्हणजे मालाचा गट, गोणी, वजन, भाव, मग हमाली, तोलाई, वाराई वजा आणि शेवटी निव्वळ रक्कम आकड्यात आणि अक्षरात. वडील शेवटच्या आकड्यापुढे लगेच आडवी रेघ ओढून "फक्त" लिहीत, म्हणजे तलावपाळी ताईंच्या दोन ठिपक्यांचाच प्रकार. आता यंत्रातून छापील पावती येते, आणि ती उन्हात ठेवली की काही महिन्यांत पांढरी पडते, कारण तो कागद उष्णतेने काळा होणारा असतो आणि त्यावर शाई अशी नसतेच. नगरकडचे एक वयस्कर शेतकरी ती पावती घेतात आणि तिच्या पाठीमागे पेनाने रक्कम लिहून द्या म्हणून उभे राहतात. भाऊ आता गाळ्यावर बसतो, तो हसत लिहून देतो.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे लॅपटॉपला हळदकुंकू लागते आणि शेजारी एक कोरी रोजकीर्द ठेवून तिच्या पहिल्या पानावर "श्री" आणि "शुभ लाभ" लिहितात. त्या वहीत वर्षभर दुसरे अक्षर पडत नाही. गेल्या नऊ वर्षांच्या अशा नऊ वह्या माळ्यावर आहेत. त्या फेकायच्या की भाच्यांना द्यायच्या, यावर घरात एकमत होत नाही.

डावखुरा
भाच्यांना द्या हो. पहिले पान सोडून उरलेले सगळे कोरेच की.

कळवा_पूर्व
२६ जुलै २००५. आमचे घर तळमजल्यावर, पाणी ओट्यापर्यंत. लोखंडी पेटीत वडिलांची आईला आलेली पत्रे होती, लग्नाआधीची आणि वडील कामानिमित्त बाहेरगावी असतानाची, सगळी निळ्या शाईत, अतिशय देखणे अक्षर. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर आत फिकट निळ्या कागदांचा एक गठ्ठा होता. एकही अक्षर उरले नव्हते. त्याच पेटीत तळाशी आईच्या किराण्याच्या हिशेबाच्या वह्या होत्या, बॉलपेनाने लिहिलेल्या, वेडेवाकडे अक्षर. दोरीवर वाळत घातल्या आणि आजही वाचता येतात.

म्हणजे आमच्याकडे प्रेमपत्रे गेली आणि तूरडाळ राहिली. आई ही गोष्ट सांगताना हसायची. त्या वह्यांत मात्र मला एक गोष्ट सापडली. दर महिन्याच्या शेवटी "इतर" म्हणून पाच रुपये आहेत आणि त्यापुढे काहीच लिहिलेले नाही, सलग अकरा वर्षे. ते पाच रुपये कुठे जात होते हे आईने शेवटपर्यंत सांगितले नाही, विचारले की विषय बदलायची.

निळे_बोट
आपल्याकडे शाळेत वापरतात ती निळी शाई म्हणजे पाण्यात विरघळवलेला रंग असतो, तो पुन्हा पाण्यात गेला की कागद सोडतो. बॉलपेनातला रंग तेलकट माध्यमात असतो, म्हणून तो तरला. मायफळ आणि हिराकस यांची जुनी काळी शाई निराळीच, ती लिहिताना फिकी दिसते, हवा लागली की काळी होते आणि कागदाच्या धाग्यात बसते. ती पाण्याने जात नाही, पण आम्ल जास्त झाले तर काही शतकांनी कागदालाच खाते. ज्यांना जपून ठेवायचे आहे त्यांनी पाण्याने न जाणारी रंगकणांची शाई वापरावी आणि पेन धुण्याचा आळस करू नये, कारण ती शाई आत वाळली की पेन संपले.

आमचे आजोबा शाई घरीच करत. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत हॉर्स ब्रँड नावाने शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली, ज्यातून पुढे कॅम्लिन उभे राहिले, त्या वड्यांच्या काळातले ते. वडी दौतीत टाकायची, कोमट पाणी ओतायचे आणि काडीने ढवळायचे. पाणी किती, हे ज्याच्या त्याच्या घराण्यावर. आजोबांच्या जमाखर्चात महिनाअखेर शाई पातळ होत गेलेली दिसते.

घोडबंदर_आई
सगळ्यांचे वाचून छान वाटले, पण मला थोडे विरुद्ध लिहायचे आहे आणि कोणी मनाला लावून घेऊ नये. माझ्या मुलाला लेखन-अक्षमता आहे. त्याला उत्तर येते, तोंडी विचारले तर घडाघडा सांगतो, पण पेन हातात आले की अक्षरे ओळीवरून घसरतात, काना एकीकडे आणि मात्रा दुसरीकडे जाते आणि दहा ओळींनंतर बोटे दुखू लागतात. पाचवीपर्यंत त्याच्या प्रत्येक वहीत लाल शाईत "अक्षर सुधारा" असे लिहून येत होते. एका वर्षी मी मोजले, एकशे बारा वेळा. त्या शेऱ्याखाली उत्तर बरोबर होते की चूक, हे पुष्कळदा तपासलेलेसुद्धा नव्हते. सुंदर अक्षर हे चांगल्या मनाचे लक्षण आहे, असे भिंतीवर रंगवलेल्या शाळेत तो दहा वर्षे बसला. त्याच्यासारख्या मुलाने ते वाक्य रोज वाचून काय समजायचे?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याला परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळाला. आता तो फोनवर मराठी टाइप करतो आणि त्याचे निबंध वाचून घरातली माणसे गप्प होतात. त्यामुळे हाताने लिहिण्याचे मोल मला कोणी सांगू लागले की आधी त्या एकशे बारा शेऱ्यांचे मोल आठवते.

एवढे लिहून झाल्यावर एक गोष्ट सांगते, कारण विषय सहीचा आहे. खाते उघडताना त्याने सही म्हणून मासा काढला. एका रेघेत, हात न उचलता, शेपटीपासून शेपटीपर्यंत. बँकेतल्या साहेबांनी तीन वेळा काढून दाखवायला सांगितला आणि तिन्ही मासे तंतोतंत सारखे आले. ताई, तुमच्यापेक्षा आमचा मासा बरा.

तलावपाळी
माशापुढे मी हरले. तुमच्या मुलाला माझ्याकडून शाबासकी सांगा.

कित्ता
घोडबंदरच्या ताई, मी ऐरोलीतल्या एका शाळेत एकोणतीस वर्षे मराठी शिकवले आणि "अक्षर सुधारा" हा शेरा मी हजारो वेळा लिहिला आहे. कसे सुधारायचे ते मात्र एकाही वहीत लिहिलेले मला आठवत नाही. साठ वह्या, दोन तास आणि हातात लाल पेन असताना तो शेरा आपोआप उमटतो. हे समर्थन म्हणून सांगत नाही, तुमचे वाचून जे वाटले ते सांगते आहे.

आम्ही वर्गात समर्थांचा दाखला देत असू. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनावर आहे आणि त्यात अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत चालावे, असे सांगितले आहे. परंतु तो उपदेश कोणासाठी होता हे आम्ही मुलांना कधी सांगितले नाही. छापखाना नव्हता, पोथीवरून पोथी उतरत होती, आणि एका लिहिणाऱ्याचे गिचमिड अक्षर म्हणजे पुढच्या सगळ्या प्रतींमध्ये शिरणारी चूक. तिथे सुवाच्य लिहिणे हे कामच होते. आम्ही ते इतिहासाच्या उत्तरपत्रिकेला लावले आणि वर स्वभावाशी जोडले.

तरीही पहिली-दुसरीत दुरेघी वहीत कित्ता गिरवणे मी सोडणार नाही. "क" आणि "फ" यांतला फरक मुलाला डोळ्यांआधी बोटांना कळतो, हे मी दर जूनमध्ये पाहिले आहे. ज्याला ते जमत नाही त्याला वेगळी वाट लवकर दाखवली पाहिजे, पाचवीपर्यंत थांबून नव्हे.

ट्रान्सहार्बर
गाडीत उभी राहून लिहिते आहे, त्यामुळे चुका पोटात घाला. मी महापे येथे सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि दिवसभर टाइप करते, पण बैठकीत वही नेते. सगळे मला म्हातारी म्हणतात. लॅपटॉपवर मी समोरचा बोलेल ते सगळे उतरवू शकते आणि म्हणूनच काहीच ऐकत नाही. वहीत तेवढा वेग नाही, त्यामुळे काय सोडायचे ते तिथल्या तिथे ठरवावे लागते, आणि ते ठरवताना समजते.

हाताने टिपणाऱ्यांना जास्त समजते असे सांगणारा मुलर आणि ओपनहायमर या दोघांचा २०१४ चा अमेरिकेतला अभ्यास सगळीकडे फिरवला जातो, पण २०१९ मध्ये दुसऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तितका स्पष्ट निघाला नाही, हे कोणी सांगत नाही. नॉर्वेतला २०२४ चा अभ्यासही असाच. छत्तीस विद्यार्थ्यांच्या डोक्यावर मेंदूतले विजेचे संकेत टिपणारी जाळी बसवून पाहिले तर हाताने लिहिताना मेंदूच्या भागांची एकमेकांशी जोडणी जास्त दिसली. पण त्यात लिहायला कागद नव्हता, पडद्यावर चालणारे डिजिटल पेन होते, आणि टाइप करायचे होते ते फक्त एका बोटाने. एका बोटाने टाइप तर माझे काका करतात. तेव्हा मेंदूचा दाखला जपून द्यावा. मला माझ्या वहीची बाजू घ्यायला तो लागत नाही, गेल्या वर्षीची एक आकृती पुरते, जी मी रागात तीन वेळा खोडून चौथ्यांदा काढली आणि बिघाड दुसऱ्या खोडलेल्या आकृतीत सापडला.

घणसोली गेले. ठाण्याला उतरल्यावर पुढचे.

जुना_कारकून
खोडलेल्यातच सापडला! मी तेच सांगत होतो.

बोरू
मोडी वाचतो, म्हणून दोन शब्द. गेली काही वर्षे लोक जमिनीची, वतनाची, जन्ममृत्यूची जुनी कागदपत्रे घेऊन येतात, आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर तर मोडी वाचणाऱ्यांना जेवायला सवड मिळेनाशी झाली. ज्या लिपीला शाळेतून निरोप दिला तिच्यावाचून कामे अडली.

पण मला सांगायचे आहे ते अक्षराबद्दल. मोडीत आधी कडेपासून कडेपर्यंत शिरोरेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगत जातात, हात फारसा न उचलता. बोरूच्या लेखणीत शाई थोडी मावते. दौतीत बुडवल्यावर पहिले अक्षर गच्च काळे येते, मग रंग उतरत जातो, चार-पाच शब्दांत करडा होतो आणि पुन्हा एकदम काळा. हे कळले की कागदावर लिहिणाऱ्याचा श्वास मोजल्यासारखे वाटते. मागच्या पावसाळ्यात भिवंडीकडच्या एका कुटुंबाचा जुना दस्त वाचत होतो. सगळा मजकूर पाच-पाच शब्दांच्या लयीत चालला होता, आणि हद्दीच्या तपशिलात "पूर्वेस ओढा" या दोन शब्दांना मात्र स्वतंत्र शाई होती. आजूबाजूची लय तुटलेली. नीट पाहिले तर ते दोन शब्द मागाहून, सोडलेल्या जागेत भरलेले होते. म्हणजे लिहिताना पूर्वेची हद्द ठरलेली नव्हती. ज्यांचा दस्त होता त्यांचे आणि पूर्वेकडच्या भावकीचे भांडण नेमके त्याच ओढ्यावरून आहे. ते माझ्याकडे दस्त वाचून घ्यायला आले होते, आणि हे सांगितल्यावर पुन्हा आले नाहीत.

डावखुरा
मोडीपंडितांनाही फी आगाऊ घ्यायला शिकले पाहिजे.

खाडीवारा
मी लिहू की नको असे करत होते. माझ्या वडिलांना कंपवात आहे. नेरुळच्या आमच्या घरी ते १९८८ पासून रोज रात्री डायरीत चार ओळी लिहीत, पाणी किती वाजता आले, कोण येऊन गेले, गुडघा कसा आहे. मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत त्यांना एक वाक्य लिहायला सांगितले. वाक्य सुरू झाले ते नेहमीच्या अक्षरात आणि ओळीच्या शेवटी मोहरीएवढे झाले. डॉक्टर म्हणाले की या आजारात अक्षर असे बारीक होत जाते, त्याला मायक्रोग्राफिया म्हणतात, आणि जुने काही लिहिलेले असेल तर आणा.

आम्ही डायऱ्या नेल्या. हाताचा कंप आमच्या लक्षात आला त्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधीपासून अक्षर आकसत चालले होते. रोज चार ओळी लिहिणारा माणूस, चार ओळींना आधी अर्धे पान लागायचे, मग पाव पान. आम्ही घरातलेच, डायरी टेबलावर उघडी असायची, आणि आम्हाला वाटायचे बाबा कागद वाचवतात.

आता ते दुरेघी वहीत लिहितात, पहिलीतल्या मुलांची असते ती. वरच्या आणि खालच्या रेघेला अक्षर टेकवायचे, असे समोर असले की अक्षर मोठे राहते. वाशीच्या दुकानात मी सहा वह्या मागितल्या तेव्हा दुकानदाराने विचारले, मुलगा की मुलगी?

तलावपाळी ताई, हे वाचून घाबरू नका. सही बदलण्याची कारणे हजार असतात.

तलावपाळी
घाबरले होते, खोटे कशाला सांगू. लगेच उठून जुनी सही आणि आजची सही शेजारी ठेवून पट्टीने मोजली. माझी वाढली आहे. आडवी जवळजवळ दीडपट. यालाही काही नाव असेल तर कृपया सांगू नका.

तुमच्या बाबांना नमस्कार. त्यांच्या दुरेघीतल्या चार ओळी आज काय आहेत, ते विचाराल का?

खाडीवारा
विचारले. "पाणी ६.१०. भाऊ आला नाही. अक्षर बरे. वही संपत आली."

ओपीडी
डॉक्टरांच्या अक्षरावर अजून कोणी बोलले नाही याचे आश्चर्य वाटले, म्हणून मीच बोलतो. २०१६ मध्ये वैद्यक परिषदेने नियम केला की औषधाचे नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे. तो नियम योग्यच होता, कारण माझे स्वतःचे अक्षर वाचून एका औषधवाल्याने मला फोन करून "हे काय आहे" असे विचारले होते आणि मलाही ते लागले नव्हते. आता मी छापील चिठ्ठी देतो आणि रात्री स्वस्थ झोपतो. या बाबतीत पेनाची बाजू मी घेणार नाही.

फक्त गोळ्यांच्या पाकिटावर अजून पेन चालवतो. वागळे इस्टेटमध्ये माझ्याकडे येणाऱ्या काही आजींना वाचता येत नाही. त्यांच्या पाकिटावर सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्रकोर, आणि अर्धी गोळी असेल तर सूर्य मधोमध कापून अर्धाच काढतो. एकदा घाईत चंद्रकोर उलटी काढली, तर आजी दुसऱ्या दिवशी विचारायला आल्या की ही अमावास्येआधी घ्यायची की नंतर.

निळे_बोट
डॉक्टर, हे फार सुंदर आहे. ताई, पेनाचे काय झाले?

तलावपाळी
तुम्ही म्हणालात म्हणून वडिलांचे पेन काढले. टोपण निघेना. यजमानांनी पक्कड आणली ती मी परत ठेवायला लावली आणि टोपणाला कोमट पाण्यात धरले, तेव्हा कुठे ते फिरले. आत शाईची काळी पापुद्री झाली होती. निब आणि जीभ स्टीलच्या वाटीत भिजत घातली. रात्री पाणी बदलले, सकाळी बदलले, दुपारी पुन्हा बदलले आणि तरी प्रत्येक वेळी वाटीत निळा धागा सुटतच होता. तिसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ राहिले.

मग कॅलेंडरची मागची पाने घेऊन बसले. शंभर नाही, पण चाळीसेक सह्या केल्या. पहिल्या वीस अगदी वाईट आल्या. फास जमेना, रेघ मध्येच तुटे. पंचविसाव्याच्या सुमारास स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, माझे लक्ष तिकडे गेले, आणि खाली पाहते तो सही १९९४ सालची. पुन्हा लक्ष देऊन करायला गेले की बिघडे. त्यामुळे उरलेल्या सगळ्या खिडकीबाहेर बघत केल्या.

आज सकाळी बँकेत नवा नमुना द्यायला गेले. फॉर्मवर तीन चौकटी असतात. स्वतःचे पेन, खुर्ची मागून घेतली, आणि काउंटरवरच्या मुलीशी तिच्या गावाबद्दल बोलत बोलत तिन्ही सह्या केल्या. तिने पडद्यावर पाहून लगेच मान डोलावली.

जुना_कारकून
ठिपके दिलेत ना?

तलावपाळी
पहिल्या दोन चौकटींत दोन दोन. तिसऱ्या चौकटीत दुसऱ्या ठिपक्याला शाई उतरली नाही. मी पुन्हा टेकवायला गेले तर ती मुलगी म्हणाली, "काकू, आता हात लावू नका, खाडाखोड धरतील."